कॅमेरे जपले, निगेटिव्ह गेल्या

गेल्या महिन्यात इथल्या कॉलेजात पोरांना दाखवायला माझे जुने कॅमेरे घेऊन गेलो होतो. टेबलावर अकरा कॅमेरे मांडले. पोरांनी ते हातात घेतले, कानाशी नेऊन शटरचा आवाज ऐकला, आणि अर्थातच मोबाईलवर त्यांचे फोटो काढले. मग एका मुलीने विचारलं, "सर, या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो कुठं आहेत?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पण ते उत्तर नव्हतं, हे मलाही माहीत होतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडा इतिहास. फोटोग्राफीचं तंत्र पॅरिसमध्ये जगासमोर आलं ते १८३९ साली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. दादासाहेब फाळकेसुद्धा सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोचा धंदा करत होते. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली असं अजिबात नाही. फक्त ती बरीच वर्षं साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि पैसेवाल्यांच्या हातात राहिली.

सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा देण्याचं काम अमेरिकेत कोडॅकच्या ब्राउनीने केलं. १९०० साली तो एक डॉलरला मिळायचा. आपल्याकडे ते काम बऱ्याच अंशी ॲग्फा क्लिक थ्री या प्लास्टिकच्या डब्याने केलं. हा कॅमेरा बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. तुमच्या घरच्या अल्बममध्ये आजोबा पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात उभे आहेत असा जरा धूसर चौकोनी फोटो असेल, तर तो क्लिक थ्रीचा असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या अकरा कॅमेऱ्यांतले तीन क्लिक थ्रीच आहेत.

फिल्मही परदेशातून कशाला आणायची, म्हणून सरकारने १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. 'इंदू' नावाने फिल्म, फोटोचा कागद, एक्स-रे फिल्म यायची. जुन्या फोटोवाल्यांना हे नाव सांगून बघा, चेहरा खुलतो.

आता आपल्या गावाकडे येतो.

मोंढ्याच्या रस्त्याला एक स्टुडिओ होता. नाव लिहीत नाही, चाळिशीपुढच्या सगळ्यांना ते माहीत आहे. मालकांना आम्ही काका म्हणायचो. आत रंगवलेला पडदा: तळं, दोन हंस, मागे महाल. केस विंचरायला भिंतीवर आरसा, त्याच्या फळीवर पावडरचा डबा आणि दोरीला बांधलेला कंगवा. दहावीचा फॉर्म असो, मुलगी दाखवायचा फोटो असो की शेतकऱ्याचं बँकेतलं पीककर्ज, गावाला इथं बसावंच लागायचं.

डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा फक्त कागदावर फोटो काढताना चालतो. रोल धुताना तोही नाही, ठार अंधार. काका अंधारात बोटांनी रोल उघडायचे. डेव्हलपरचं पाणी वीस अंशाच्या आसपास लागतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. मग लादीवाल्याकडून बर्फ यायचा. मी बर्फ आणून द्यायचो, त्या बदल्यात आत उभं राहू द्यायचे. ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटायचा. पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा केला, त्याचं बीज बहुतेक तिथलंच.

पण काकांची खरी शिस्त वेगळीच होती. प्रत्येक निगेटिव्हला नंबर. तो नंबर पाकिटावर, तोच फोटोच्या मागे शिक्क्याखाली, आणि तोच वहीत: नाव, गाव, तारीख, किती कॉप्या. १९६८ पासून २००१ पर्यंतच्या अशा सहा वह्या.

या शिस्तीचा अर्थ मला कळला तो १९९३ साली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मी शाळेत होतो. काही आठवड्यांनी त्या भागातली माणसं स्टुडिओत येऊ लागली. कुणाची बायको गेलेली, कुणाची आई, कुणाची दोन्ही लेकरं. घराबरोबर भिंतीवरचे फोटोही मातीखाली गेले होते. एक माणूस मला अजून दिसतो. डोक्याला पट्टी होती. काकांना म्हणाला, "लग्नात तुम्हीच आला होतात आमच्याकडं. एखादा तरी असंल का?"

काकांनी गाव विचारलं, साल विचारलं, वही काढली. दोन तास लागले. निगेटिव्ह सापडली. रात्री बसून मोठा फोटो काढून दिला. पैसे घेतले नाहीत. त्या हिवाळ्यात असे किती फोटो त्यांनी काढून दिले याची नोंद मात्र वहीत नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी लिहिली नाही.

आणखी एक बाब तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नव्हती. भूकंपानंतर कितीतरी गावं जागा सोडून दुसरीकडे वसवली गेली. जाड दगडी भिंतींची, वर मातीचा थर असलेली माळवदाची घरं, त्या गल्ल्या, त्या वेशी राहिल्या नाहीत. ते जुनं गाव कसं दिसत होतं हे कुठल्या सरकारी फायलीत दिसणार? दिसलं असतं ते काकांनी काढलेल्या वरातीच्या फोटोंत, नवरदेवाच्या घोड्यामागे.

त्याच वर्षी निवडणूक आयोगाने, म्हणजे शेषन साहेबांच्या काळात, मतदार ओळखपत्रावर फोटोची टूम काढली. साध्या माणसालाही फोटोची सवय लागली ती अशा कामांतून. पुढची दहा वर्षं स्टुडिओवाल्यांचे दिवस बरे होते.

मग डिजिटल आलं. गंमत बघा, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये तयार केला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने. आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात उभी राहिली तीही कोडॅकच. उटीची आपली कंपनी त्याआधीच आजारी पडली होती, पुढे बंदच झाली.

मी स्वतः त्या वळणावरचा माणूस. २००१ ला दैनिकात लागलो तेव्हा पेन्टॅक्स के-१००० वापरायचो. रोल पाकिटात घालून दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, जिल्ह्याच्या ऑफिसचा शिपाई स्टँडवरून उचलायचा. छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढले की जग जिंकल्यासारखं वाटायचं. २००५ ला डिजिटल हातात आला आणि मी सुटलो असं वाटलं. २०१३ मध्ये हार्ड डिस्क बसली. आठ वर्षांचे फोटो गेले: मोर्चे, महापूर, निवडणुका, आपल्या जुन्या बाजारपेठेचं रुंदीकरण. पहिल्या चार वर्षांच्या निगेटिव्ह मात्र बिस्किटाच्या डब्यात होत्या. त्या अजून आहेत. उजेडासमोर धरल्या की माणसं दिसतात. ना पासवर्ड, ना केबल.

आता फिल्म परत आली आहे म्हणतात, आणि ते खरंही आहे. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. पेन्टॅक्सने २०२४ मध्ये नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला. गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांनी कॅमेऱ्यांचं आख्खं संग्रहालय उभं केलं आहे. आपल्याकडची पोरंही ऑनलाईन कॅमेरे शोधतात. हौस स्वस्त नाही. माझा शेवटचा रंगीत रोल, धुणं आणि स्कॅनिंग धरून, एका फोटोला चाळीस रुपयांवर गेला. तरी मी काढतो, कारण छत्तीसच आहेत म्हटलं की बटण दाबायच्या आधी माणूस नीट बघतो.

इथवर सगळं चांगलं वाटेल. आता माझी चूक सांगतो.

काका सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला नोकरीला. दुकान विकायचं ठरलं तेव्हा त्याने मला बोलावलं. "दादा, तुम्हाला आवड आहे, काय पाहिजे ते बघा." कपाटात काकांचा याशिकामॅट होता, दोन भिंगांचा, वरून खाली बघून फोटो काढायचा. मी तो घेतला. पैसे देऊ केले, त्याने अर्धेच घेतले. बरोबर त्या सहा वह्या कॅमेऱ्याच्या बॅगेत कोंबून दिल्या, "बाबांचं अक्षर आहे, ठेवा तुमच्याकडे."

जिन्याखालच्या खोलीत चौदा पोती होती. निगेटिव्हची. तो म्हणाला, "हे पण न्या ना." मी म्हटलं, दिवाळीनंतर टेम्पो घेऊन येतो.

दिवाळी झाली. एक जिल्हा परिषदेची भानगड चालू होती, तिच्या बातम्यांत गुंतलो. गेलो तेव्हा खोली रिकामी. पोती भंगारवाल्याने नेली होती. त्याला दोष देत नाही. त्याचा हिशोब पक्का आहे: ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हमध्ये चित्र बनतं तेच चांदीच्या कणांचं, ती चांदी काढता येते. एक्स-रे फिल्म विकत घेणारे फिरतात ते त्याचसाठी. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुतानाच निघून जाते, म्हणून तिला भाव नाही. म्हणजे नियम असा झाला की जेवढी जुनी निगेटिव्ह, तेवढी आधी वितळणार. बहात्तरचा दुष्काळ, रोजगार हमीच्या खडीवरच्या बाया, किल्लारीच्या आधीची गावं, सगळं त्या पोत्यांत होतं.

कॅमेरा माझ्या शोकेसमध्ये आहे. रोज पुसतो. त्या मुलीने विचारलं ते हेच.

ही गोष्ट फक्त आपल्या गावाची नाही. कुलवंत रॉय नावाचे फोटोग्राफर होते. गांधी, नेहरू, पटेल, जिना, बादशहा खान या सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले होते. १९८४ मध्ये ते वारले. त्यांच्या पेट्या याच आदित्य आर्य यांच्याकडे आल्या आणि वीसेक वर्षं तशाच पडून राहिल्या. उघडल्या तेव्हा देशाच्या इतिहासाचा एक तुकडा बाहेर आला. त्या पेट्या भंगारात गेल्या नाहीत, एवढाच काय तो फरक. जिन्याखालची पोतीही तशीच पडून राहिली असती, मी टेम्पो वेळेवर नेला असता तर.

आता काय करता येईल ते बोलू.

एक. तुमच्या घरच्या जुन्या फोटोंची पाठ बघा. आपल्या स्टुडिओचा शिक्का आणि खाली नंबर असेल तर मला कळवा. निगेटिव्ह गेल्या, पण वह्या माझ्याकडे आहेत. नंबरावरून तारीख, नाव, गाव सांगता येतं. मूळ फोटो मला नको. मी घरी येऊन त्याची नक्कल काढतो, फोटो तुमच्याकडेच राहील.

दोन. आसपासच्या गावांत अजून बंद स्टुडिओ आहेत, काही फोटोवाल्यांच्या घरी माळ्यावर डबे आहेत. कुणी कॅमेरा विकत घ्यायला गेलात तर आधी विचारा, निगेटिव्ह कुठं आहेत आणि वही कुठं आहे. वही नसेल तर म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून नावं लिहून घ्या.

तीन. निगेटिव्ह पत्र्याखाली, पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नका. कागदी पाकिटात, कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड जागी ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ती फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिची नक्कल आधी काढा. नकलेला मोठं मशीन लागत नाही. टॅबलेटची पांढरी स्क्रीन, तिच्यापासून थोडी वर धरलेली निगेटिव्ह आणि मोबाईल, सुरुवातीला एवढं पुरतं.

चार. हे सगळं सोशल मीडियावर टाकायची घाई नको. फोटोत कुणाची तरी आई, बहीण आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने सहसा पैसे देणाऱ्याचा असतो. त्यांना विचारूनच पुढे जायचं.

पाच. नगरपरिषदेच्या वाचनालयात एक कपाट आणि एक टेबल मिळावं म्हणून अर्ज तयार केला आहे. मोठं संग्रहालय वगैरे नको, कपाट पुरे. सोमवारी अर्ज देणार आहे. सही करायला ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी अकराला वाचनालयाच्या पायरीवर यावं. नगरसेवकांनीही यावं, पक्ष कुठलाही असो. त्यांच्या वडिलांचे फोटोही वहीत आहेत, मी बघितले आहेत नंबर.

काल रात्री पहिली वही उघडून बसलो होतो. नंबर १ समोर काकांनी स्वतःच्या आईचं नाव लिहिलं आहे. कॉप्या: एक. तो फोटो कुणाकडे असेल तर सांगा.