लोणावळ्याचा पाऊस आणि खोलीतला उजेड

लोणावळा म्हटलं की काय आठवतं? चिक्की, भुशी डॅमवरची गर्दी आणि रविवारी संध्याकाळी घाटात तुंबलेला ट्रॅफिक. पण मंडळी, मुंबईच्या विजेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात याच गावापासून करावी लागते.

जमशेटजी टाटांची कल्पना तशी साधी होती. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवायचा आणि तो घाटाखाली सोडून वीज बनवायची. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये उभी राहिली आणि फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे धरणं झाली. पाणी पाइपांमधून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरलं आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली.

पुढे आणखी एक धरण शेजारच्या मुळशीत ठरलं, तेव्हा मात्र १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेलीच. थोडक्यात काय, आपल्या खोलीतल्या उजेडाची किंमत लाइट बिलात दिसते तेवढीच नसते.

मग प्रश्न असा, की एवढी किंमत मोजून आणलेला हा उजेड भिंतीवर पडून वाया जातो, त्यातला थोडा परत वीज म्हणून मिळवता येईल का? इथे एक जुनी, जवळजवळ हरलेली टेक्नॉलॉजी कामाला येते: डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल. सोयीसाठी 'रंगाचा सेल' म्हणू.

याचं मूळ फोटोग्राफीत आहे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं, की फोटोच्या काचेवर रंग मिसळला की तिला एरवी न 'दिसणारा' उजेडही दिसू लागतो. १८८७ मध्ये मोझर यांनी हीच युक्ती विजेसाठी वापरून पाहिली. पण वीज निघायची नाममात्र, कारण रंगाचा एक पातळ थर उजेड शोषणार तरी किती?

उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९९१ मध्ये ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या (हो, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतो तोच!) अतिसूक्ष्म कणांचा स्पंजसारखा थर केला आणि त्याला रंग पाजला. उजेड पडला की रंग इलेक्ट्रॉन सोडतो, तो या थरातून बाहेर जातो, आणि रंगाची रिकामी जागा भोवतालचा आयोडीनचा द्रव भरून काढतो. कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या वर गेली आणि जगभर गाजावाजा झाला. आपल्याकडेही पुण्याच्या एनसीएलमध्ये सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांनी यावर काम केलं.

पण छपरावर सिलिकॉनपुढे हा सेल टिकला नाही. सिलिकॉन स्वस्त होत गेलं. इकडे द्रव गळायचा, आयोडीन धातू खायचं आणि व्होल्टेजही बरंच वाया जायचं.

गंमत पुढे आहे. मैदान बदललं! मंद उजेडात सिलिकॉनचं व्होल्टेज घसरतं. शिवाय ते सूर्याच्या इन्फ्रारेडसकट सगळं शोषायला बनलेलं, आणि एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतंच. रंग मात्र एलईडीच्या उजेडाला साजेसा निवडता येतो. आयोडीनच्या जागी तांब्याची संयुगं आली आणि २०१७ मध्ये मारिना फ्रायटाग आणि सहकाऱ्यांनी १००० लक्स उजेडात २८.९ टक्के गाठले. २०२३ पर्यंत हा आकडा ३८ वर गेला. तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटीमध्येही खास घरातल्या उजेडासाठीच्या सेलवर काम झालं आहे.

आता हिशोब करू. १००० लक्स म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ मिलिवॉट. त्याचे ३८ टक्के म्हणजे ०.११. ऑफिसच्या टेबलावर ५०० लक्स धरले तर त्याच्या निम्मे. व्हिजिटिंग कार्डाएवढा सेल फार तर अडीच मिलिवॉट देईल, तोही प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलची कामगिरी मोठ्यातही टिकली तर. १० वॉटच्या मोबाइल चार्जरसाठी अशी चार हजार कार्डं लागतील! तेव्हा 'बल्बवर मोबाइल चार्ज' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

पण दर काही मिनिटांनी तापमान कळवणाऱ्या सेन्सरला सरासरी एक मिलिवॉटसुद्धा लागत नाही. अशा उपकरणांची संख्या वाढते आहे आणि आज त्यातल्या अनेकांत बटण-सेल असतो. तो संपला की कचऱ्यात. ती बॅटरी बदलणं टळलं, तरी पुष्कळ झालं.

मुंबईच्या गिरण्या चालवायला घाटमाथ्याचा अख्खा पाऊस अडवावा लागला होता. टेबलावरच्या सेन्सरला धरण नको, रोज वाया जाणाऱ्या उजेडातला चिमूटभर पुरतो. किती वीज बनवता येते हे आपण शंभर वर्षं मोजत आलो. किती कमी विजेत काम भागतं, हेही आता मोजायला हवं, नाही का?