जुन्या मारुतीचा कॅमशाफ्ट आणि टायमिंग बेल्ट

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरीही कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या जिव्हाळ्याने जपणारे मालक आहेत. या गाडीच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्ये असतो आणि दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट, त्याला क्रँकशाफ्टशी जोडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. बेल्ट एक दात जरी पुढेमागे बसला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, गाडीची ओढ जाते आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्ब्युरेटरला दिला जातो.

फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, क्रँकची मोठी पुली व बाहेरचे आच्छादन काढल्यावर टायमिंग बेल्ट दिसतो. तो सोडण्यापूर्वीच कॅम व क्रँक या दोहोंच्या खुणा जुळवून ठेवाव्यात. डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप कॅमशाफ्टवरच चालत असल्याने ते आधी उतरवावे लागतात. त्यानंतर टॅपेटचे स्क्रू सैल करून रॉकर शाफ्ट काढावेत. रॉकर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत, कारण प्रत्येकाची झीज निराळी असते. या इंजिनात कॅमशाफ्ट वर उचलून निघत नाही, हेडमधून लांबीच्या दिशेने सरकवून काढावा लागतो. त्याचे उंचवटे धारदार असतात. घाई केल्यास बेअरिंगच्या जागेवर ओरखडे उठतात, आणि तो खर्च बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. कॅमचे ऑइल सील या वेळी नवेच घालावे. गळते तेल रबराचा काळ ठरते.

खरी मेख ताण देण्यात आहे. येथे ताण स्प्रिंगने मिळतो, पान्ह्याच्या जोराने नव्हे. मात्र टॅपेट आवळलेले असतील तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमशाफ्टला अडवून धरतात. त्यामुळे बेल्टची एक बाजू ताठ तर दुसरी ढिली राहते आणि हाताला लागणारा ताण फसवा ठरतो. अनेक गॅरेजांत याकडे दुर्लक्ष होते. म्हणून टॅपेट सैल ठेवूनच खुणा जुळवून बेल्ट चढवावा, टेन्शनर मोकळा सोडावा, आणि प्लग काढून क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन फेरे हाताने फिरवावा. त्यानंतरच टेन्शनर आवळावा. खुणा पुन्हा नेमक्या समोर आल्या नाहीत तर बेल्ट उतरवून नव्याने बसवावा. ‘थोडाच फरक आहे’ हे समाधान येथे चालत नाही.

टॅपेटची फट थंड इंजिनावर पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. डिस्ट्रिब्युटर हलवलेला असल्याने इंजिन तापल्यावर इग्निशनचे टायमिंगही टायमिंग लाइट लावून तपासून घ्यावे.