खर्ज वाहणारे हात : घोडनदी ते भीमा

शिरूरच्या बाजारपेठेतून लग्नाची वरात निघाली, की गाणे कोणते लागले आहे हे कळायच्या आधी दुकानांची शटरे थरथरू लागतात. शब्द मागाहून येतात, चाल त्याहून थोडी आधी येते. सर्वांत आधी येतो तो खालचा दणका. त्याला आता लहानथोर सगळेच ‘बेस’ म्हणतात. ‘काय बेस आहे!’ हे डीजेवाल्याला मिळणारे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. पण हा बेस वाजवतो कोण, असे विचारले तर उत्तर येते : पेनड्राइव्ह.

ऐंशीच्या दशकात याच प्रश्नाचे उत्तर एक माणूस असे. गणेशोत्सवातल्या वा जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात तो मागच्या रांगेत, ढोलाच्या शेजारी उभा असे. पत्रिकेवर गायकांची नावे ठळक, निवेदकाचे त्याहून ठळक. याचे बहुधा ‘साथसंगत’ या शब्दातच उरकलेले. मी स्वतः काही वर्षे अशा एका हौशी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवली, तेव्हा माझा पक्षपात वाचकांनी आधीच लक्षात घ्यावा. मात्र हा लेख आठवणींचा नाही. शिरूर आणि दौंड या दोन शेजारी तालुक्यांच्या आधाराने मला एवढेच तपासायचे आहे, की खालचा सूर आपल्याकडे कोणत्या वाटांनी आला, तो वाहून नेण्यासाठी काय काय लागले, आणि वाजवणारा हात त्यातून कसा गळाला.

खर्ज आपल्याला नवा नाही. तंबोऱ्याच्या चौथ्या तारेला आपण खर्जाची तारच म्हणतो. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्यांपासून होतात ते पंढरपूर परिसरात, म्हणजे दौंडवरून खाली वाहत गेलेल्या भीमेच्याच काठाला पिकत आले आहेत. ‘काळी एक’मध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात ही तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. बेस गिटारची सर्वांत जाड मोकळी तार करते ४१. म्हणजे बेस आणखी सुमारे पाऊण सप्तक खाली उतरतो. पण खरा फरक खोलीचा नाही, चालण्याचा आहे. तंबोऱ्याचा खर्ज जागचा हलत नाही; गायक फिरून त्याच्याकडे परत येतो. बेस गिटारचा खर्ज गाण्याबरोबर पावले टाकतो, आणि त्याने पाऊल बदलले की वरच्या त्याच सुराचा अर्थ बदलतो.

लोकसंगीतात खालच्या आवाजाचे काम चामड्याने केले. तमाशातल्या ढोलकीच्या डाव्या तोंडाचा धूम, गोंधळातल्या संबळाचे मोठे भांडे, गावोगावचे ढोल. तुणतुण्याची तार वरच झणकारत राहते. शिरूरच्या उत्तरेला जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तिथल्या राहुट्यांत गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी येऊन फडांना सुपारी देतात. या परिसराचा कान त्या ढोलकीवर तयार झालेला. कसलेला ढोलकीवाला तळव्याच्या दाबाने धूम वाकवतो, हे खरे. पण स्वरांची पायरी चढत-उतरत जाणारा खर्ज आला तो दुसऱ्या दोन दारांनी : छावणी आणि रेल्वे.

पहिले दार शिरूर. घोडनदीकाठच्या या गावी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी पडली. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगे आजही तिथे आहे. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. अशा पलटणींबरोबर ढोल आणि बासरीसारखे फाइफ असत. पुढे शतकभरात लष्करी बँडांत पितळी वाद्ये भरत गेली. त्यात युफोनियम आणि त्याहून मोठा, अंगाभोवती वेढा घालणारा सूझाफोन ही खालच्या सुरांची वाद्ये. मेरठच्या नादिर अली कंपनीसारख्या कारखान्यांनी (स्थापना १८८५) ही वाद्ये देशातच घडवायला घेतली, आणि लष्कराचा बँड लग्नाच्या दारात आला. पुण्याच्या प्रभात आणि दरबार या ब्रास बँडांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाला मास्टर पुढे चाले आणि पितळी ओझे गळ्यात घालून खर्जवाला मागे. एका फुंकरीला किती हवा लागते हे त्याच्या छातीलाच ठाऊक.

दुसरे दार दौंड. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन आणि गोव्याची ख्रिस्ती कुटुंबे आली. रेल्वे वसाहतींतल्या इन्स्टिट्यूटचे नाच, नाताळ, चर्चमधले गायन यांतून पाश्चात्त्य सुरावटीचा आणि तिच्या खालच्या स्वरांचा रेल्वेगावांना परिचय झाला. पोर्तुगीज गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. तिथून निघालेले वादक लष्करी बँडांत, हॉटेलांत आणि पुढे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत पसरले. माणसाहून उंच असलेला डबल बेस उचलणारे हातही त्यांचेच होते.

हा डबल बेस समजून घेतला, की वाद्य आणि वाहतूक यांचे नाते कळते. एवढे धूड रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून जाऊ शकते. रस्त्यावरच्या गावाला तो पर्याय नाही, आणि शिरूर हे रस्त्यावरचे गाव. तिथे रेल्वे नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एसटी धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर, म्हणजे शिरूरवरूनच. एसटीच्या टपावर ढोलकी जाते, पेटी जाते. डबल बेस चढवायचा तर कंडक्टरशी भांडण ठरलेलेच.

ही अडचण सुटली अमेरिकेत. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. चार तारा, गिटारसारखी आडवी धरायची, आणि मानेवर पडदे. त्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. वजन चार-पाच किलो. वाद्य खांद्यावर आले. मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांनी ते वाजवले, आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतला तो चालता खर्ज रेडिओवरून घरोघर पोहोचला. तीच गाणी मंचावर वाजवायची म्हणून पुण्या-मुंबईचे ऑर्केस्ट्रे निघाले आणि त्यांचे पाहून तालुक्यांतले हौशी वाद्यवृंद. कोलकात्यात बनलेली ‘गिवसन’सारखी गिटार हौशी वादकाच्या खिशाला परवडे.

मात्र वाद्य हलके झाले म्हणून ओझे गेले नाही. ते वाद्यातून पेटीत शिरले. बेस गिटारचे लाकूड स्वतः जवळजवळ मुके असते. आवाज काढायला अॅम्प्लिफायर आणि बारा-पंधरा इंची स्पीकर हवा. खालच्या सुरांना माणसाचा कान मुळात मंद, आणि शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणून गायकाला जे भागते ते बेसवाल्याला पुरत नाही. अशा पेट्या तीस-चाळीस किलोंच्या. त्या न्यायच्या आकुर्डीत बनलेल्या मॅटाडोरमध्ये, आणि गाडीच्या भाड्यात बिदागी संपायची. आमच्यातले पुष्कळजण नोकरी किंवा शेती सांभाळून वाजवत. रात्री दोनला न्हावऱ्याहून परत यायचे आणि सकाळी सातला कामावर. हौशी वादकाचे खरे गणित हेच : जेवढे उचलता येते तेवढेच वाजवता येते.

त्यातून तयार झालेले शहाणपण कुठल्या पुस्तकात नव्हते, ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले. पहिला धडा जागेचा. ४१ कंपनांच्या सुराची लाट आठ मीटरांहून लांब असते. सभागृहात भिंती तिला परतवतात. जत्रेच्या उघड्या माळावर ती निघून जाते. म्हणून पेटी नेहमी जमिनीवर, शक्य तर शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीला पाठ लावून ठेवायची. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून केलेल्या मंचावर ती कधी चढवायची नाही, कारण पत्रा सुराहून मोठ्याने वाजतो. मोठ्या मैदानात स्वतःची पेटी फक्त स्वतःला आणि ढोलवाल्याला ऐकू येण्यापुरती ठेवून तार ध्वनिक्षेपणवाल्याच्या मिक्सरला जोडायची. तिथे त्याच्याशी गोडीने बोलावे लागते. ‘भाऊ, बेस हॉर्नला देऊ नका’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन! भोंग्यातून खर्ज निघतच नाही. निघते ती खरखर, आणि भोंग्याच्या आतला पडदा फाटण्याची भीती वेगळीच.

दुसरा धडा पट्टीचा. गायिका ऐन वेळी ‘आज काळी चार’ म्हणते. पेटीवाला एका क्षणात सरकतो. मोकळ्या तारांच्या भरवशावर बसवलेला बेस मात्र कोसळतो. म्हणून शहाणा वादक घरी सराव करताना मोकळी तार टाळतो. बोटांचा आकृतिबंध तोच ठेवला, की हात मानेवर पुढेमागे नेऊन कुठलीही पट्टी गाठता येते.

तिसरा धडा विजेचा, आणि तो जिवाचा. गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग खोटे असेल, किंवा माइक दुसऱ्याच जोडणीवर असेल, तर बोटे तारांवर आणि ओठ माइकवर टेकताच अंगातून प्रवाह जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात असाच गेला. आमच्याकडे जनरेटरवर चालणारे मंडप, ओल्या मातीत टाकलेल्या वायरी, आणि तिसरी पिन काढून टाकलेले प्लग. ‘तिसरी पिन लागत नाही’ हे वाक्य ऐकले की मी गिटार पिशवीतून काढत नसे. खिशात टेस्टर, पायात रबरी चप्पल, आणि माइकला आधी हाताच्या पाठीने निसटता स्पर्श, ही माझी संध्या.

विजेची एक गंमतही आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘पांढरी पाच’चा स्वर आहे ४९ कंपनांचा. अर्थिंग बिघडून पेटी गुणगुणू लागली की हा स्वर तिच्या गुणगुणीवर घासतो आणि सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. जणू भीमाकाठच्या प्रत्येक मंडपात एक न मागितलेला तंबोरा लावलेला, तोही किंचित बेसूर.

हे सगळे सांभाळणारा माणूस मग गेला कुठे? आधी कॅसिओ आला. त्याच्या डाव्या बाजूला बेसचा आवाज लावला, की एका बिदागीत दोघांचे काम. पुढे ‘मायनस ट्रॅक’ आले. गायक आणि लॅपटॉप एवढ्यावर ऑर्केस्ट्रा उभा राहू लागला. आयोजकाला दोष देण्यात अर्थ नाही. एक माणूस, एक चाळीस किलोंची पेटी आणि गाडीतली तेवढी जागा वाचली. त्यानंतर डीजेची भिंत आली. पंधरा इंचांचे अठरा इंच झाले, एका पेटीच्या जागी ट्रकभर पेट्या आल्या. ज्या ओझ्यापायी वादक वगळला, त्याच्या कित्येक पट ओझे आता आनंदाने वाहिले जाते.

या भिंतीला कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. परंतु ही मोजणी ‘ए’ भारांकाने होते. हा भारांक कानाच्या मंदपणाचे अनुकरण करतो, म्हणून ५० कंपनांच्या आसपासच्या आवाजातून यंत्र सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. ३० डेसिबल म्हणजे शक्तीत हजारपट फरक. परिणामी शटर थरथरते, म्हाताऱ्याची छाती धडधडते, पाळण्यातले पोर दचकते. आणि यंत्राच्या आकड्यात यातला फार थोडा भाग उतरतो. खालचा सूर भिंती ओलांडून सर्वांत दूर जातो, आणि नियमाच्या मापात तोच सर्वांत हलका भरतो.

हाताने वाजणाऱ्या खर्जाला एक मर्यादा आपोआप होती. हात थकतो. दोन गाण्यांमध्ये तो थांबतो. ढोलवाल्याकडे पाहतो, गायिकेचा श्वास संपत आला की आवाज आवरतो. पुष्कळदा स्वर न वाजवणे हेच बेसवाल्याचे कौशल्य असते, कारण मधल्या रिकाम्या जागेत शब्द ऐकू येतात. पेनड्राइव्हला समोर कोण उभे आहे हे दिसत नाही.

हात अगदीच संपलेले नाहीत. चर्चच्या गायनात, महाविद्यालयांच्या बँडांत बेस गिटार पुन्हा दिसू लागली आहे, आणि पाच-दहा किलोंत मावणारे नवे अॅम्प्लिफायर मुलांच्या पाठीवर बसतात. ओझ्याचे जुने गणित सुटले आहे. परवा दौंडच्या फलाटावर एक मुलगी खांद्यावर तशी लांबट पिशवी घेऊन पुण्याच्या गाडीची वाट पाहत होती. न राहवून मी विचारले, ‘बेस का?’ ती हसून हो म्हणाली. सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण गाडी आली. एवढेच म्हणालो, ‘बाळ, तिसरी पिन बघून घेत जा.’