मंदीत मदत आटते, हक्क आटत नाही: कामासाठी बाहेरगावी गेलेल्या भगिनींसाठी माहिती

शेतीचा हंगाम बिघडला की बुलढाणा जिल्ह्यातली अनेक कुटुंबं पुणे, मुंबई, सुरतची वाट धरतात. तिथलं कामही सुटलं की घरात ताण वाढतो. तंगी हे मारहाणीचं निमित्त होऊ शकत नाही. पण तंगीत बाईला घराबाहेर पडणं जड जातं. खोली नवऱ्याच्या नावावर, तिची धुणीभांडी बंद, माहेर लांब आणि माहेरचाही हात आखडलेला.

मदतही नेमकी तेव्हाच कमी पडते. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था सुमारे 24 टक्क्यांनी घसरली. त्या वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या पाच हजारांहून जास्त तक्रारी आल्या. 2019 मध्ये त्या तीन हजारांच्या आत होत्या. आणि त्याच लॉकडाऊनमध्ये रेल्वे-एसटी बंद, कोर्टात फक्त तातडीची कामं, अनेक संस्थांचे कार्यकर्ते रेशन वाटपात गुंतलेले.

म्हणून आपल्या घरातल्या प्रत्येकीला चार गोष्टी माहीत असाव्यात.

तक्रार कुठे? घरगुती हिंसाचार कायदा 2005 सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. कलम 27 नुसार बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते, तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. पुण्यात त्रास झाला आणि ती मलकापूरला माहेरी आली, तर मलकापूरलाही अर्ज करता येतो. ‘तुमच्या गावी जा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

घर कुणाचं? खोली नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असली, तरी कलम 17 प्रमाणे तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे.

खर्च कसा? ‘धंदा बसला’ म्हणून नवऱ्याला कोर्टाने ठरवलेली रक्कम आपल्या मनाने बंद करता येत नाही. आदेश कोर्टाकडूनच बदलून घ्यावा लागतो. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते, असं सुप्रीम कोर्टाने 10 जुलै 2024 रोजी स्पष्ट केलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 144 मध्ये आहे.

वकिलाची फी? विधी सेवा कायदा 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या, किंवा 15100 वर विचारा.

तातडीला 112, महिला हेल्पलाइन 181. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा, समुपदेशन, दवाखाना आणि पोलिसांची मदत एकाच ठिकाणी मिळते.

आम्ही मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनाही विनंती करतो: समजूत जरूर घाला, पण मार खाल्लेल्या मुलीला ‘सब्र कर, दिवस बदलतील’ एवढंच सांगून परत पाठवू नका. हे नंबर तिच्या हाती द्या आणि कोर्टापर्यंत तिच्यासोबत जा.