मर्दनव्यवसाय
मर्दनव्यवसाय : शरीरातील स्नायू, सांधे व त्वचा यांवर हाताने पद्धतशीर दाब व घर्षण देण्याच्या क्रियेस मर्दन, अंगमर्दन किंवा मालिश म्हणतात. ही क्रिया करून उपजीविका करणे म्हणजे मर्दनव्यवसाय होय. तेल लावून केलेल्या मर्दनास आयुर्वेदात अभ्यंग, तर चूर्ण वा उटणे चोळण्यास उद्वर्तन अशी संज्ञा आहे. घर व तालीम यांतील ही विद्या आरोग्यसंस्थांत कशी आली, हे पुणे जिल्ह्यात, विशेषतः मावळातील लोणावळ्याच्या परिसरात, चांगले पाहावयास मिळते.

परंपरा : चरकसंहितेत अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत केलेला आहे. अष्टांगहृदयात मस्तक, कान व तळपाय यांस विशेषेकरून तेल लावावे, मात्र अजीर्ण झाले असता अभ्यंग टाळावा, असे सांगितले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात पादाभ्यंगाची गणना राजाच्या उपभोगांत केलेली आढळते. ग्रामीण महाराष्ट्रात बाळंतीण व तान्हे मूल यांना तेल लावून शेक देण्याचे काम सुईण करी. पुरुषांची मालिश पुष्कळदा न्हावी करीत, तर तालमीत मल्ल वस्तादाच्या देखरेखीखाली एकमेकांचे अंग रगडीत. हे ज्ञान तोंडी व हातोहात चालत आले. त्यास कौशल्याचे मोल क्वचितच मिळाले आणि ते जातीचे वा बायकांचे काम म्हणून उपेक्षित राहिले.

संस्थात्मक स्वरूप : बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर लोणावळे हे मुंबई-पुण्याच्या लोकांचे हवापालटाचे ठिकाण बनले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली. त्यांनी तरुणपणी बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या व्यायाममंदिरात शिक्षण घेतले होते. योगक्रियांचा शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासण्याचा त्यांनी प्रघात पाडला. पुढे संस्थेत योगाच्या जोडीने निसर्गोपचार व आयुर्वेदीय उपचारही सुरू झाले आणि मर्दनास त्यांत स्थान मिळाले. पुणे शहरात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात महात्मा गांधींनी अनेकदा उपचार घेतले. गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले व ते मणिभाई देसाई यांनी पुढे चालविले. मेहतांच्या केंद्राच्या जागी १९८६ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था अस्तित्वात आली. उपचार-साहाय्यकांचे शिक्षण हे तिचे एक कार्य होय.

तंत्र : स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांच्या व्यायामपद्धतीशी नाव जोडले गेलेल्या स्वीडिश मर्दनाच्या पाच क्रिया मानतात : तळहात सरकविणे, स्नायू मळणे, बोटांनी घासणे, थोपटणे व कंपन देणे. हातापायांवर दाब सामान्यतः हृदयाच्या दिशेने देतात. त्यामुळे नीला व लसीकावाहिन्यांतील प्रवाहास मदत होते. आयुर्वेदीय पंचकर्मात स्नेहन व स्वेदन ही पूर्वकर्मे असून स्नेहनात अभ्यंगाचा समावेश होतो. मर्दनाने स्नायूंचा ताण व कंबरदुखी काही काळ कमी होऊ शकते. मात्र त्याने चरबी झडते वा शरीरातील विषे निघून जातात, या समजुतीस पुरेसा आधार नाही. ज्वर, त्वचेचा संसर्ग, ताजा अस्थिभंग किंवा नीलेत रक्ताची गुठळी असताना मर्दन करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास जीवावर बेतते. म्हणून केव्हा थांबावे हे जाणणे हा शिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

व्यवसायसंधी : निसर्गोपचार व पंचकर्म केंद्रे, विश्रामधामे, क्रीडासंघ आणि घरोघरी जाऊन दिली जाणारी सेवा ही कामाची मुख्य क्षेत्रे आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर लोणावळ्यास येणे अधिक सोपे झाले. पर्यटकांवर अवलंबून असलेले काम मात्र पावसाळा व सुट्ट्यांत वाढते आणि एरवी मंदावते. रुग्णसेवेच्या केंद्रांतील काम त्यामानाने स्थिर असते. मर्दक हा उपचार-साहाय्यक असून रोगनिदान त्याच्या कक्षेत येत नाही. भौतिकोपचार व निसर्गोपचार यांचे पदवी अभ्यासक्रम स्वतंत्र आहेत. स्त्री व पुरुष मर्दकांची वेगळी व्यवस्था, ग्राहकाची संमती आणि स्वच्छता या गोष्टी व्यवसायाच्या प्रतिष्ठेस आवश्यक आहेत. हाताच्या अतिवापराने अंगठा, मनगट व पाठ दुखावत असल्यामुळे मर्दकाने स्वतःच्या शरीराचीही काळजी घ्यावी लागते.

प्रमाणपत्राची अट आल्यामुळे ग्राहकास काही शाश्वती मिळाली. परंतु सुईण वा वस्ताद यांच्यासारख्या अनुभवी, परंतु अल्पशिक्षित व्यक्ती त्यामुळे बाहेर राहण्याचा धोका असतो. त्यांच्या कौशल्याची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन त्यांना मान्यता देणे आणि शरीररचना व निषिद्ध अवस्था यांचे पूरक शिक्षण देणे, हा यावरील इष्ट मार्ग होय. तसे झाल्यास मावळातील स्थानिक स्त्री-पुरुषांना गावालगत सन्मानाचे काम मिळू शकेल.