कळमन्यात आज किती दिवसांचा माल शिल्लक आहे?

कांद्याने शंभरी गाठली की चॅनलवाले कॅमेरा घेऊन कळमन्यात पोचतात. अडत्याला विचारतात, आवक किती? तो सांगतो, आज एवढ्या गाड्या आल्या. मग रात्री चर्चा रंगते: साठेबाजी झाली, पावसानं माल सडवला, सरकार झोपलं होतं. यातलं थोडंफार खरंही असतं. पण उद्या गाड्या आल्याच नाहीत तर नागपूर किती दिवस जेवेल, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याची सुरुवात कळमन्यातून जाणाऱ्या रुळांपासूनच होते.

आज कळमना म्हटलं की बाजार समितीचं मोठं यार्ड आठवतं. पण कळमना हे रेल्वे स्टेशनही आहे, इतवारी आणि कामठीच्या मधलं. मुंबईहून रेल्वे नागपूरला आली 1867 मध्ये. पूर्वेकडचा छत्तीसगडचा मार्ग नंतरचा. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन 1882 पर्यंत राजनांदगावला पोचली. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती लाइन ताब्यात घेऊन रुंद केली. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा या लाइनचा मोठा हेतू होता. त्याआधी हे काम बंजाऱ्यांचे तांडे करायचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य न्यायचं आणि परतताना मीठ आणायचं. बैल किती वाहणार? म्हणून सुगी चांगली झाली की बरंचसं धान्य गावातच राहायचं. जमिनीत खोल पेव खणून त्यात भरून ठेवायचे. 'पेव फुटलं' असं आपण आजही म्हणतो, पण पेव पाहिलेला माणूस आता शोधावा लागेल.

रेल्वे आली तशी गोष्ट बदलली. गहू-तांदूळ मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेला जायला लागला. रोख पैसा मिळत असताना दोन-दोन वर्षांचं धान्य कोण कशाला पुरून ठेवेल? शेतकऱ्याला मी दोष देत नाही. सारा रोखीत भरायचा होता, सावकार दारात होता.

मग 1896-97 चा दुष्काळ आला, आणि सावरायच्या आत 1899-1900 चा. तेव्हाच्या सरकारचं धोरण साधं होतं: धान्याच्या व्यापारात आपण हात घालायचा नाही, भाव चढले की व्यापारी आपोआप माल आणतील. त्यांनी आणलाही. रुळ होते, वाघिणी होत्या, धान्य येत होतं. पण पीक बुडालं तशी मजुरीही बुडाली होती, आणि चढ्या भावानं घ्यायला गरिबाच्या कनवटीला पैसा नव्हता. सरकारी कामावर खडी फोडून जे मिळेल त्यावर लोक जगले, नाहीतर मेले. 1891 आणि 1901 च्या जनगणना शेजारी ठेवून पाहा. मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे 8 टक्क्यांनी घटली. त्यात गाव सोडून गेलेलेही आहेत, पण भूक आणि पटकीनं गेलेले फार. आणि हे सगळं रेल्वे दारात असताना.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं भराभर सांगतो. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. स्वातंत्र्यानंतर धान्याचे झोन आले, म्हणजे एका भागातलं धान्य दुसऱ्या भागात न्यायला बंदी किंवा परवाना. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो, ती लाल ज्वारी, महाराष्ट्रानं खाल्ली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, अजून तोंड वाकडं करतात. 1974 च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, 8 ते 27 तारखेपर्यंत. तेव्हा नागपूरसारख्या मधोमध वसलेल्या गावाला कळलं की मधोमध असणं म्हणजे चारी बाजूंवर अवलंबून असणं.

त्यानंतर माल हळूहळू रुळावरून रस्त्यावर आला. इतवारी आणि कॉटन मार्केटातला घाऊक व्यापार बराचसा कळमन्यात गेला. आज तिथं कांदा नाशिक-नगरकडून येतो, बटाटा उत्तर प्रदेशातून, लसूण मध्य प्रदेशातून, मिरची आपल्या भिवापूरकडची आणि आंध्र-तेलंगणातली. जवळजवळ सगळं ट्रकनं. मिरचीला कोल्ड स्टोरेज आहे. टोमॅटोला, पालेभाजीला कुठलं आलं? ते आज उतरायचं, आज विकायचं.

म्हणूनच 2020 चा मार्च आठवावा. 24 मार्चच्या आदेशात जीवनावश्यक मालाला सूट होती. कागदावर. रस्त्यावरचा शिपाई विचारायचा, हे जीवनावश्यक कशावरून? रिकामी परतणारी गाडी कशात बसते? खोके आणि बारदाना कशात बसतो? शेवटी 29 मार्चला केंद्रीय गृह सचिवांना राज्यांना लिहावं लागलं की जीवनावश्यक आहे की नाही हे न बघता सगळी मालवाहतूक जाऊ द्या. तोवर ढाबे बंद, पंक्चरवाला बंद, ड्रायव्हर गाडी लावून घरी गेलेले, हमाल गावाकडे निघालेले. अन् हमाल नसला की ट्रक आला काय, न आला काय, सारखंच भाऊ.

त्याच दिवसांत काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडे मृग बहाराचा संत्रा झाडावर तयार होता. दिल्ली-कोलकात्याला जाणारा माल बागेतच अडकला. एकीकडे शहरात फळ-भाजीसाठी रांगा आणि महागाई, दुसरीकडे शंभर किलोमीटरवर गळणारी फळं. याला टंचाई म्हणायचं का? माल होता, गिऱ्हाईक होतं, मधला दुवा तुटला होता. 1897 मध्ये मधला दुवा शाबूत होता आणि गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होता. दोन्ही वेळा उपाशी राहिला तो रोजंदारीवरचाच, कारण घरात महिन्याचा किराणा भरून ठेवणं त्याला कधीच जमत नाही.

2024 च्या 1 आणि 2 जानेवारीला त्याची छोटी आवृत्ती पुन्हा दिसली. हिट अँड रनच्या नव्या शिक्षेविरोधात टँकर आणि ट्रकचालक थांबले, आणि नागपूरच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 2 तारखेच्या रात्री दिल्लीत तोडगा निघाला म्हणून बरं. फक्त दोन दिवस, बाप्पा! चालकांची मागणी बरोबर की चूक, तो वेगळा वाद. पण दोन दिवसांत गाव हलतं हे तर दिसलं.

आता बाजार समित्यांच्या रोजच्या भावांचा तक्ता उघडा. शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. एवढेच रकाने. शिल्लक साठ्याचा रकाना त्यात नाही. कळमन्यातल्या गोदामांत आणि शहरातल्या ठोक दुकानांत मिळून तांदूळ, डाळ, तेल, कांदा, बटाटा किती दिवसांचा आहे, एवढं आठवड्यातून एकदा जाहीर करायला लागतं काय? व्यापाऱ्याचं नाव नको, नुसता एकूण आकडा द्या. बाजार समितीच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या पॅनेलला हे विचारा, आणि महापालिकेसाठी येणाऱ्या उमेदवारालाही.