सुट्टी, पाऊस आणि बडोद्याची पुस्तकपेटी

एप्रिल उजाडला की मला एकाच चालीचे निरोप येऊ लागतात. परीक्षा संपल्या, आता मुलांना दोन महिने कशात गुंतवायचं? शिबिरांची फी परवडत नाही आणि मोबाइल हातातून सुटत नाही. मी छंदवर्ग चालवत नाही, इतिहास सांगतो. पण या प्रश्नाला आपल्या देशात एक जुनं उत्तर आहे, आणि ते शोधणारा माणूस नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला होता. बाराव्या वर्षी तो दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाड, तिसरे. त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं ते गादीवर बसल्यावर!

सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची अडचण मात्र फारशी कुणी सांगत नाही. पोर चार-पाच वर्षं शाळेत जातं, अक्षरं लावायला शिकतं, मग शेतावर जातं. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. दोन पेरण्या झाल्या की शिकलेलं विसरलं! म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात. शाळा सुटल्यावरही माणसाच्या हाती काही वाचायला राहिलं पाहिजे, हे सयाजीरावांनी ओळखलं. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. 1910 साली त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतलं.

बॉर्डन तीनच वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि ग्रंथपाल तयार करणारा वर्ग सुरू झाला. श्रेय त्यांना मिळतं, ते योग्यच आहे. पण त्यांच्या आधीच मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक गावोगाव ‘मित्रमंडळ’ वाचनालयं काढत होते. मला विचाराल तर या गोष्टीचा नायक तोच. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला रुजायला जमीन लागते, ती अमिनांनी नांगरून ठेवली होती.

आता पेटीकडे येतो. 1911 पासून बडोद्याहून फिरती ग्रंथालयं निघाली. ग्रंथालय म्हणजे काय, तर एक मजबूत लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावानं वाचायची आणि परत पाठवायची, मग दुसरी मागवायची. इमारत जागची हलत नाही, पेटी मात्र माणसाला सवड असेल तेव्हा त्याच्या दारात येते. शेतकऱ्याची सवड पंचांगावर असते, घड्याळावर नव्हे, हे लक्षात घेतलं की या साध्या पेटीतली अक्कल कळते.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची शाखाच होती. जादूचा कंदील, सिनेमा, आणि स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन चित्रं डोळ्यांसमोर धरली की एकच खोलगट चित्र दिसतं ते यंत्र. मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळही असत. शंभर वर्षांपूर्वी, सरकारी ग्रंथालयात! आज एखाद्या वाचनालयात मूल जरा मोठ्यानं हसलं तर कपाळाला आठ्या पडतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बडोद्याच्या बाहेरही हे वारं पोचलं होतं. तमिळ मुलखात मन्नारगुडीला 21 ऑक्टोबर 1931 रोजी बैलगाडीवरचं ग्रंथालय निघालं. कनकसभै पिळ्ळै या इंजिनियरांनी गाडी तयार केली होती आणि उद्घाटनाला एस. आर. रंगनाथन होते. ऑक्टोबरअखेर म्हणजे तिकडे पावसाळ्याचं तोंड. कावेरीच्या खोऱ्यातल्या चिखलात बैलच चालणार, मोटार नव्हे. केरळात 19 जूनला, पी. एन. पणिक्कर यांच्या स्मृतिदिनी, वाचनदिन पाळतात. तोही ऐन पावसात, नुकत्याच उघडलेल्या शाळांमधून. आणि आपली मराठी तऱ्हा? दिवाळी अंक. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं पहिला अंक काढला. तेव्हापासूनची ही चाल वाचनालयांनी इतकी उचलली, की ठरावीक वर्गणी भरून थंडीभर अंक बदलून नेण्याची योजना आजही चालते. इंदूर असो की बडोदा, मराठी माणसाची थंडी अशीच जाते.

तेव्हा या सुट्टीत काय करायचं ते माझ्या परीनं सांगतो. जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात जा आणि आपल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर मागा. जुन्या मुंबई इलाख्यातले असाल तर एकोणिसाव्या शतकात निघालेले खंड मिळतील. बडोद्याचा वेगळा खंड आहे. त्यात पाऊस, पिकं, जत्रा, बाजारचे वार, सगळं आहे. मुलाला एक वही द्या. जूनपासून त्यानं आपल्या गावचा पाऊस, झाडं, पक्षी टिपायचे आणि गॅझेटियरमधल्या गावाशी ताडून पाहायचे. कुठली जत्रा उरली, कुठलं पीक गेलं, नदीला पाणी किती महिने असतं. आजीला विचारावं लागेल, ते उत्तमच. खर्च वहीपुरता.

आणि चेन्नई, बंगळूरु, हैदराबादकडच्या श्रोत्यांसाठी एक काम. घरपट्टीची पावती काढून नीट वाचा. तुमच्या राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. म्हणजे त्या पुस्तकांचे पैसे तुम्ही दरवर्षी भरताच आहात. जवळचं सरकारी वाचनालय कुठे आहे आणि ते किती वाजता उघडतं, एवढं पुढच्या भागापर्यंत मला कळवा.